गरोदरपणातला दमा: पंप बंद न करता नऊ महिने कसे काढायचे

दमा असलेल्या बाईला दिवस गेले की घरातून पहिला सल्ला येतो, "आता ते पंप बंद कर, बाळाला बाधेल." तीही घाबरते. रोजचा पंप (इनहेलर) कपाटात जातो आणि फार दम लागला तरच दुसरा, तातडीचा पंप ओढला जातो. पहिले दोन-तीन महिने निभावतात. मग एखादी सर्दी होते, छाती भरते, आणि पंपाच्या कितीतरी पट औषध सलाइनमधून आणि गोळ्यांतून घ्यावे लागते. जे टाळायला पंप सोडला, तेच जास्त प्रमाणात घडते.

बाळाला ऑक्सिजन मिळतो तो आईच्या रक्तातूनच. आईचा श्वास अडला की तिला जाणवण्याआधीच बाळाचा पुरवठा कमी होऊ लागतो. दमा आटोक्यात नसेल तर ३७ आठवड्यांआधी प्रसूती होणे, बाळाचे वजन कमी भरणे आणि आईला प्रीएक्लाम्प्सिया होणे, म्हणजे रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाणे, हे धोके वाढतात. झटका फार गंभीर असेल तर बाळाच्या जिवावरही बेतू शकते. दमा नीट आटोक्यात असलेल्या बहुतेक बायकांचे गरोदरपण मात्र इतरांसारखेच पार पडते. पंपातले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते, ते थेट फुप्फुसात जाते आणि रक्तात फार थोडे उतरते. रोजच्या पंपांतल्या ब्युडेसोनाइडची गरोदरपणातली माहिती सर्वांत जास्त उपलब्ध आहे. स्वीडनच्या जन्मनोंदणीत हे औषध सुरुवातीच्या महिन्यांत घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात दोष वाढलेले आढळले नाहीत.

म्हणून खालचे टप्पे क्रमाने करा. पहिला टप्पा नीट झाला नाही तर पुढचे लंगडे पडतात.

## टप्पा १: दिवस राहिल्याचे कळताच करायची तयारी

शक्य असेल तर ही तयारी मूल व्हावे असे ठरवतानाच करावी. ते झाले नसेल तर चाचणी आली त्याच आठवड्यात करा.

१. घरातली दम्याची सगळी औषधे एका पिशवीत घाला: पंप, कॅप्सूल, गोळ्या, सर्दीची औषधे, काढे, पुड्या. डॉक्टरांना नावे सांगण्यापेक्षा पिशवीच दाखवा.

२. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दम्याचे डॉक्टर, दोघांनाही भेटा. अनेकींची अडचण इथेच होते. एक म्हणतात "त्यांना विचारा", दुसरे म्हणतात "गायनॅकला विचारा". यावर उपाय म्हणजे दम्याच्या डॉक्टरांकडून एकाच कागदावर लिहून घेणे: रोज काय घ्यायचे, दम लागल्यावर काय घ्यायचे, किती पफनंतर दवाखाना गाठायचा. तो कागद गरोदरपणाच्या फाइलमध्ये सगळ्यांत वर लावा.

३. कोणता पंप कशाचा हे ओळखा. रोजच्या पंपात सूज कमी करणारे स्टिरॉइड असते. त्याने लगेच मोकळे वाटत नाही, म्हणून लोक तो सोडतात. साल्ब्युटॅमॉलसारखा तातडीचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. कंपनीप्रमाणे रंग बदलतात, तेव्हा रंगावर भरवसा नको. चिकटपट्टी लावून एकावर "रोज" आणि दुसऱ्यावर "दम लागल्यावर" असे लिहा. काहींना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी दिलेला असतो. तुमचे तसे आहे का, हे विचारून घ्या.

४. स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी, तिच्यातून औषध ओढायचे), पीक फ्लो मीटर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचे साधन) आणि ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे यंत्र) घरी आणा. पैसे बेताचेच असतील तर ऑक्सिमीटर मागे ठेवा, स्पेसर आधी घ्या.

५. जुन्या गोष्टी लपवू नका. कधी दम्यासाठी आयसीयूत राहावे लागले होते का? वर्षभरात स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स झाला का? अ‍ॅस्पिरिन किंवा दुखण्याच्या गोळीने कधी दम उसळला का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण रक्तदाबाचा धोका असलेल्या बायकांना अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा नेहमी दिली जाते.

६. फ्लूची लस कधी घ्यायची ते विचारा. झटक्याचे सर्वांत नेहमीचे कारण सर्दी-फ्लूच असते.

सावधान: फक्त तातडीच्या पंपावर दमा काढणे धोक्याचे आहे. त्याच्या एका डबीत साधारण २०० पफ असतात. वर्षात अशा तीन किंवा जास्त डब्या संपत असतील तर दमा आटोक्यात नाही, मग तुम्हाला कितीही सवय झालेली असो.

सावधान: बिनलेबलच्या "दम्याच्या पुड्या" लगेच थांबवा आणि थांबवल्याचे डॉक्टरांना सांगा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले सापडते. ते बरेच दिवस पोटात गेले असेल तर अचानक बंद केल्यावर शरीराला त्रास होऊ शकतो, म्हणूनच डॉक्टरांना सांगायचे. खोकल्यासाठी सतत ज्येष्ठमध चघळणेही गरोदरपणात टाळा.

## टप्पा २: ही धाप गरोदरपणाची की दम्याची?

पोटात बाळ नसतानाही दम लागायचा, म्हणून आताची प्रत्येक धाप दम्याचीच असे वाटते. उलटही घडते: "पोट वाढलंय, दम लागणारच" म्हणून खरा दमा अंगावर काढला जातो. दुसरी चूक जास्त महागात पडते.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे श्वास आपोआप खोल होतो. जिना चढताना धाप लागते, बसले की उतरते. छातीत शिट्टी वाजत नाही, खोकल्याने झोपमोड होत नाही. दम्यात घरघर, छाती आवळणे, पहाटेचा खोकला ही लक्षणे असतात आणि तातडीचा पंप ओढल्यावर उतार पडतो. संशय राहिलाच तर पीक फ्लो मीटर फुंका. निव्वळ गरोदरपणाने त्यावरचा आकडा पडत नाही. आकडा उतरला असेल तर ती धाप दम्याची समजा.

धाप अचानक आली, छातीत दुखते आहे, एक पाय सुजला आहे किंवा थुंकीत रक्त आहे, तर घरी निदान करत बसू नका. रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा त्रास असू शकतो. थेट इस्पितळात जा.

पुढे जाण्याआधी हे चार प्रश्न विचारा. गेल्या चार आठवड्यांत:
- दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का?
- दम्याने एकदाही रात्री जाग आली का?
- तातडीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का?
- दम्यामुळे एखादे काम सोडावे लागले का?

चारही उत्तरे "नाही" असतील तर दमा आटोक्यात आहे. एक-दोन "हो" असतील तर अर्धवट. तीन-चार "हो" असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

## टप्पा ३: पंप ओढण्याचा क्रम

"औषध लागू पडत नाही" अशी तक्रार असलेल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत औषध घशापलीकडे गेलेलेच नसते. मात्रा वाढवायच्या आधी हा क्रम आरशासमोर करून पाहा.

स्प्रेचा पंप आणि स्पेसर

१. ताठ बसा. पंप जोरात हलवा. नवा असेल किंवा बरेच दिवस वापरलेला नसेल तर आधी काही पफ हवेत सोडा.
२. पंप स्पेसरला लावा. छातीतली हवा सावकाश पूर्ण सोडा.
३. ओठ घट्ट मिटून स्पेसरची तोटी तोंडात धरा. एक पफ दाबा. एकच.
४. हळू आणि खोल श्वास घ्या. दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. ते जमत नसेल तर स्पेसरमधूनच चार-पाच संथ श्वास घ्या.
५. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पंप पुन्हा हलवा आणि सगळे पहिल्यापासून करा.
६. रोजच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते आणि आवाज बसतो.

कॅप्सूलचा पंप

इथे ओढण्याची पद्धत नेमकी उलटी आहे. पावडर आपल्याच श्वासाच्या जोरावर आत जाते, म्हणून श्वास जोरात आणि खोल ओढायचा. झाल्यावर कॅप्सूल उघडून बघा. पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा. उपकरणात तोंडाने हवा फुंकू नका, ओल धरली की पावडरीचे गोळे होतात. कॅप्सूल पोटात गिळणाऱ्याही भेटतात. ती गिळायची नसते.

नेहमी होणाऱ्या चुका: स्प्रेचा पंप झटक्यात ओढणे आणि पावडरचा हळू ओढणे. दोन पफ एकदम दाबणे. स्पेसर फडक्याने पुसणे, त्याने आत विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतीला चिकटते. स्पेसर सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या.

आणखी एक चूक बरे वाटू लागल्यावर होते. "आता महिनाभर काही त्रास नाही, एक पफ कमी करते." गरोदरपणात आटोक्यात असलेल्या दम्याचे औषध सहसा कमी करत नाहीत. ते बाळंतपणानंतरसाठी ठेवतात.

## टप्पा ४: रोजची नोंद

तब्येत चांगली असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ, औषध घेण्याआधी पीक फ्लो मोजा. उभे राहून, तीनदा फुंकून त्यातला मोठा आकडा लिहा. दोन आठवड्यांतला सर्वांत मोठा आकडा हा तुमचा स्वतःचा उच्चांक. जावेचा किंवा मैत्रिणीचा आकडा तुम्हाला लागू पडत नाही.

समजा तो ३८० आला. त्याचे ८० टक्के म्हणजे ३०४ आणि ५० टक्के म्हणजे १९०. ३०४ च्या वर असाल तर नेहमीप्रमाणे चालू ठेवा. १९० ते ३०४ मध्ये असाल तर कागदावर लिहिलेली वाढीव योजना सुरू करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. १९० च्या खाली गेलात तर सातवा टप्पा उघडा. हे दोन आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे नवऱ्याला आणि सासूबाईंनाही कळतील.

## टप्पा ५: घरातला धूर

औषध एका बाजूने आणि धूर दुसऱ्या बाजूने असेल तर पंप हरतो. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती दाराबाहेरही नको, कपड्यांना चिकटून धूर आत येतोच. देवघरातली धूप-उदबत्ती आणि डासांची कॉइल बंद करा, मच्छरदाणी लावा. देवापुढे तेलाचे निरांजन पुरते. मिरचीच्या फोडणीचा खकाणा उठणार असेल तर स्वयंपाक दुसऱ्याने करावा. चुलीवरच करावा लागत असेल तर किमान हे नऊ महिने बाईला चुलीपुढून उठवा. गणपती-दिवाळीची झाडलोट, माळ्यावरची धूळ, रंगकाम तिच्याकडून करवून घेऊ नका.

जळजळ आणि आंबट ढेकरांनीही रात्रीचा खोकला वाढतो. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ द्या आणि उशाकडची बाजू उंच करा. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब वापरा. दुकानातून मागितलेल्या "सर्दीच्या गोळ्या" घेऊ नका.

## टप्पा ६: दर महिन्याची तपासणी आणि माहेरी जाणे

दमा कितीही बरा असो, दर चार ते सहा आठवड्यांनी त्याची तपासणी करून घ्या. साधारण एकतृतीयांश बायकांचा दमा गरोदरपणात वाढतो, एकतृतीयांशींचा कमी होतो, उरलेल्यांचा तसाच राहतो. आपण कोणत्या गटात पडणार हे आधी कळत नाही. पहिल्यापासून तीव्र दमा असलेल्यांना जास्त जपावे लागते. दमा आटोक्यात नसेल किंवा झटका येऊन गेला असेल तर बाळाची वाढ बघायला जादा सोनोग्राफी लागू शकते. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर साखरही तपासायला सांगा.

झटके साधारण चोविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात जास्त येतात, आणि आपल्याकडे नेमके याच काळात, सातव्या महिन्यात, पोरगी माहेरी जाते. गाव बदलते, डॉक्टर बदलतात, धूळ-हवा बदलते, आणि फाइल सासरी राहते. निघण्याच्या दोन आठवडे आधी हे करा:

- दोन महिने पुरतील इतके पंप बरोबर घ्या. गावच्या दुकानात नेमके तेच औषध मिळेल असे धरू नका.
- दम्याची योजना लिहिलेल्या कागदाच्या दोन प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक माहेरच्या भिंतीवर.
- माहेरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्याच भेटीत दमा सांगा, कळा सुरू झाल्यावर नको.
- ऑक्सिजन आणि रात्रीचा डॉक्टर असलेले जवळचे इस्पितळ कोणते, तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे वडिलांनी किंवा भावाने आधीच बघून ठेवावे.

## टप्पा ७: झटका आला तर

आधी धोक्याच्या खुणा पाहा: एक वाक्य एका दमात पुरे होत नाही. मान आणि फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते. ओठ किंवा नखे निळसर दिसतात. गुंगी येते. ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या खाली आहे. पीक फ्लो निम्म्याखाली आहे. बाळाची हालचाल मंदावली आहे. यांतली एकही खूण असेल तर आधी १०८ ला फोन करा, मग पुढचे करत राहा. नखांवर नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. आकडा चांगला दिसत असला आणि बाई बोलू शकत नसली, तर बाईवर विश्वास ठेवा.

१. तिला ताठ बसवा, थोडे पुढे झुकून. उताणे झोपवू नका. पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून रक्तदाब उतरतो.
२. तातडीचा साल्ब्युटॅमॉल पंप स्पेसरमधून द्या. एक पफ, चार-पाच श्वास, मग दुसरा पफ. असे चार पफ. त्रास जास्त असेल तर याच पद्धतीने दहापर्यंत. डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले असेल तर तेच पाळा.
३. वीस मिनिटांत पुरता उतार नसेल तर पुन्हा तेवढेच द्या आणि इस्पितळाकडे निघा. वाटेत पंप हातात असू द्या.
४. उतार पडला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

इथे होणाऱ्या चुका: घरच्या नेब्युलायझरवर तासन्‌तास बसून राहणे. स्पेसरमधून नीट दिलेला पंप मध्यम झटक्यात तितकेच काम करतो, आणि यंत्र असल्याच्या भरवशावर मोलाचा वेळ जातो. दुसरी चूक म्हणजे इस्पितळात स्टिरॉइडला किंवा छातीच्या एक्स-रेला नकार देणे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा बराचसा भाग वार निष्क्रिय करते, बाळापर्यंत अगदी थोडा पोचतो. छातीच्या एक्स-रेमध्ये बाळाला मिळणारे किरण नगण्य असतात. श्वास अडलेल्या आईपासून बाळाला असलेला धोका याहून कितीतरी मोठा आहे.

इस्पितळात काम करणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. गरोदर बाईच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड एरवीच २८ ते ३२ च्या घरात असतो. झटक्यात तो ३८ आला तर अहवालावर "नॉर्मल" छापून येईल, पण ती बाई थकत चालली आहे.

## टप्पा ८: प्रसूतीच्या फाइलवर काय लिहायचे

कळा चालू असताना मोठा झटका क्वचितच येतो. रोजचा पंप त्या दिवशीही घ्यायचा, तोही वेळेवर. खरी अडचण असते ती घाईत दिल्या जाणाऱ्या औषधांची. म्हणून छत्तिसाव्या आठवड्याआधी फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने "दमा आहे" असे लिहून घ्या आणि खालच्या गोष्टी डॉक्टरांशी बोला.

कार्बोप्रोस्ट: प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायला देतात. श्वासनळ्या आवळते, दम्यात टाळायचे. ऑक्सिटोसिन चालते. मिथाइलअर्गोमेट्रिनही जपूनच.

लॅबेटालॉल: रक्तदाबासाठी देतात, दम उसळवू शकते. निफेडिपिन आणि मिथाइलडोपा हे पर्याय आहेत.

डायक्लोफेनॅक: सिझेरियननंतर दुखण्यासाठी सर्रास देतात. दुखण्याच्या गोळीने पूर्वी दम लागला असेल तर ठामपणे सांगा. पॅरासिटामॉल बहुतेकींना चालते.

भूल द्यायची असेल तर शक्यतो पाठीतून देतात, म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच भेटता आले तर भेटा. शेवटच्या महिन्यांत स्टिरॉइडच्या गोळ्या काही आठवडे चालू असतील तर तेही लिहा. प्रसूतीच्या वेळी स्टिरॉइडचे इंजेक्शन द्यावे लागू शकते.

तपासा: इस्पितळाच्या बॅगेत झबली-टोपडी भरताना दोन्ही पंप आणि स्पेसर भरले का?

## टप्पा ९: बाळ आणि बाळंतीण

प्रसूतीआधीच्या ४८ तासांत तातडीचा पंप खूप वापरावा लागला असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा. बाळाची साखर पहिले २४ तास तपासतात. दमा असलेल्या आयांच्या बाळांचा श्वास जन्मानंतर काही काळ भराभर चालण्याची शक्यता थोडी जास्त असते. बहुतेकदा तो एक-दोन दिवसांत शांत होतो, पण देखरेख लागते.

अंगावर पाजणे चालू ठेवा. पंप, आणि नेहमीच्या मात्रेतल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्याही, पाजताना चालतात. पंपामुळे दूध "गरम" होत नाही.

आता धुरी आणि शेगडी. बंद खोलीत खाटेखाली निखारे ठेवून ओवा, वावडिंग, लसणाच्या साली यांची धुरी आई आणि बाळाला देण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. दम्याच्या बाळंतिणीला ती देऊ नका, बाळालाही देऊ नका. बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही आणि जीव घेऊ शकतो. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. आजीशी हे बाळंतपणाआधीच बोलून घ्या, म्हणजे बाळंतिणीला त्या थकलेल्या दिवसांत वाद घालावा लागणार नाही.

आईला दमा असेल तर मुलाला दमा होण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त असते. त्यात वारशाचा वाटा मोठा आहे, आणि आईने पंप घेतला म्हणून असे होते असा दोष तिला लावू नका. मुलासाठी घरातले सिगारेट-बिडीचे व्यसन सुटणे ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे.

बहुतेकींचा दमा प्रसूतीनंतर साधारण तीन महिन्यांत पूर्वीच्या पातळीवर येतो. तोपर्यंत रोजचा पंप त्याच मात्रेत घ्या. बाळाच्या लशींच्या तारखा कॅलेंडरवर लिहाल त्याच वेळी तिसऱ्या महिन्यातली स्वतःची दम्याची तारीखही लिहा. औषध कमी करता येईल का, हा प्रश्न त्या भेटीत विचारायचा.